भिंग पुसल्याची सही

माझ्या साडूला वीज कशी तयार होते हे ठाऊक नाही. तो वीस मेगावॉटच्या सौरऊर्जा प्रकल्पाचा मॅनेजर आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात असा प्रश्न मला पडायचा. त्याला तो कधी पडला नाही, आणि ज्यांनी त्याला नेमलं त्यांनाही पडला नसावा.

आधी तो घरोघरी पाणी गाळायची यंत्रं विकायचा. मग एका शाळेच्या बसगाड्या सांभाळल्या, मग टाइल्सचं गोदाम. कुठेच त्याने काही दिवे लावले नाहीत, पण निघताना प्रत्येक ठिकाणाहून एक प्रशस्तिपत्र मात्र घेऊन निघाला. ती सगळी त्याच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत टांगलेली आहेत. सौर कंपनीच्या मुलाखतीला जाताना त्याने त्यातली चार काढून पिशवीत घातली होती, आणि परत आल्यावर ती पुन्हा टांगून घेताना हातोडी मी धरली होती. कंपनीला म्हणे माणसांकडून काम करून घेणारा माणूस हवा होता. काम काय आहे हे त्या माणसाला कळायला हवं, अशी अट नव्हती.

पाहुणे आले की त्याला चेव यायचा. शाळेची सहल असो, बँकेची माणसं असोत, निवृत्त लोकांचा एखादा गट असो, पांढरं हेल्मेट चढवून तो पॅनेलांच्या पहिल्या रांगेसमोर हात मागे बांधून उभा राहायचा आणि अकलेचे तारे तोडायला लागायचा. ऊन तापतं, उन्हाने पॅनेल तापतं, पॅनेलमधली उष्णता तारेत उतरते आणि तिची वीज होते. जितका उन्हाळा कडक तितकी वीज जास्त. एकदा एका शाळकरी मुलीने विचारलं, मग पॅनेल गॅसच्या शेगडीवर ठेवलं तर चालेल का? तो म्हणाला, फार छान प्रश्न आहे, आणि तिला कंपनीची टोपी दिली. त्या दिवसापासून कामगारांत त्याचं नाव ‘हीटर’ पडलं. साठ हजारांवर पॅनेलांच्या त्या माळावर त्याचं हे नाव ठाऊक नसलेला एकच माणूस होता.

खरी गोष्ट साधी आहे. पॅनेलमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की आतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. चकतीचे दोन थर असे केलेले असतात की सुटलेल्यांना एकाच दिशेने जाता येतं. ते गेले की प्रवाह झाला. एका चकतीचा अर्धा व्होल्ट, म्हणून बहात्तर चकत्यांचं एक पॅनेल आणि वीस पॅनेलांची एक माळ, तेव्हा कुठे सात-आठशे व्होल्ट जमतात. ही झाली सरळ वाहणारी वीज, डीसी. ती इन्व्हर्टरमध्ये जाऊन एसी होते, ट्रान्सफॉर्मर तिला तेहेतीस हजार व्होल्टवर चढवतो आणि मग ती तारांवरून सबस्टेशनला जाते. सगळा खेळ प्रकाशाचा आहे. उष्णता ही यात नुसती ब्याद. पॅनेल जितकं तापेल तितकी वीज कमी. भर उन्हाळ्यातल्या दुपारपेक्षा थंडीतल्या निरभ्र दुपारी पॅनेल जास्त जोमाने काम करतं. हे दर वर्षी कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसायचं, आणि दर वर्षी हीटर कडक उन्हाळ्यात आमची मीटिंग घ्यायचा. एवढं ऊन आहे, मग वीज जाते कुठे, असं तो आमच्याकडे चोर शोधल्यासारखं बघत विचारायचा.

मी तिथे टेक्निशियन. पंधरा वर्षं एका कारखान्यात वायरमन होतो. तो बंद पडला तेव्हा घरी आठ महिने बसलो, आणि हीटरने मला प्रकल्पावर लावून घेतलं. त्याची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या दोघी बहिणींच्या घरात थोरलीचा शब्द म्हणजे शेवटचा, आणि थोरलीचा नवरा म्हणजे त्या शब्दावरचा शिक्का. जेवायला चार माणसं जमली की तो माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायचा, याला मी चिकटवला. घरी तो मला ‘अरे’ म्हणायचा आणि मी त्याला ‘साडूभाऊ’. गेटच्या आत मात्र मी ‘साहेब’ म्हणावं अशी त्याची पहिल्याच दिवशी सूचना होती. मी म्हणत आलो. मनात मी त्याला काय म्हणत होतो ते लिहिण्यासारखं नाही. माझा सगळा रुबाब त्या न लिहिण्यासारख्या शब्दांतच होता.

आता त्या भिंगाची गोष्ट. मुख्य कार्यालयाला आमचा महिनाभराचा कारभार एका आकड्यात दिसायचा. जेवढा सूर्यप्रकाश पडला त्यातून जेवढी वीज निघायला हवी होती, त्यातली प्रत्यक्षात किती निघाली, त्याचा टक्का. निघालेली वीज मीटर मोजतं. पडलेला प्रकाश मोजायला कंट्रोल रूमच्या गच्चीवर एक उपकरण होतं. अर्ध्या संत्र्याएवढा काचेचा घुमट आणि त्याच्या खाली एक काळी चकती. आम्ही त्याला भिंग म्हणायचो. लोखंडी शिडी चढून गेलं की हाताला येईल अशा उंचीवर ते बसवलेलं होतं. ते रोज सकाळी सात वाजता पुसायचं, बॅटरीत घालतात तसल्या शुद्ध पाण्याने आणि मऊ फडक्याने, आणि मग रजिस्टरमध्ये तारखेपुढे सही करायची असा नियम होता.

हे काम आत्याकडे होतं. ती पॅनेल धुणाऱ्या टोळीची मुकादम. सुरुवातीला तिचा भाचा त्या टोळीत होता. तो तिला आत्या म्हणायचा म्हणून सगळेच म्हणायला लागले. भाचा महिन्याभरात पळाला, आत्या सहा वर्षं टिकली. टोळी सगळी रोजंदारीवर. लांब दांड्याचे ब्रश आणि पाण्याचे पाइप घेऊन ही आठ माणसं उजाडायच्या आत कामाला लागायची आणि नऊला थांबायची, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच तडकते. भिंगाचं फडकं आत्या घरी नेऊन वेगळं धुवायची. त्याला दुसरं काही पुसलेलं तिला खपायचं नाही. एकदा हीटरने ते उचलून चष्मा पुसला, तर तिने त्याच्यादेखत ते बादलीत टाकलं आणि नवीन काढलं. हीटरला त्यातलं काही कळलं नाही. मला ती फार आवडली त्या दिवशी.

रजिस्टर सुरू झालं तेव्हा तिला सही येत नव्हती. हजेरीला ती अंगठा द्यायची. भिंगाच्या रजिस्टरला अंगठा चालणार नाही असं कोणीतरी वरून कळवलं, आणि मी तिला म्हटलं, शिकवतो. पंधरा दिवस चहाच्या सुट्टीत जुन्या लॉगशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तिचं नाव लिहायचो आणि ती त्यावरून गिरवायची. माझं अक्षर उजवीकडे झुकतं, तसंच तिचंही झुकलं. शेवटचं अक्षर मी जरा लांब ओढतो, तीही ओढायला लागली. सोळाव्या दिवशी तिने पहिली सही केली आणि तारखेच्या रकान्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मी चेष्टेने म्हटलं, काय, चुकली का? तर म्हणाली, नाही, माझीच आहे का ते बघतेय.

त्या वर्षी टोळीतल्या दोघांना कायम करायचं ठरलं होतं आणि यादीत आत्याचं नाव पहिलं होतं. कायम होणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. पावसाच्या महिन्यांत पॅनेल आपोआप धुतली जातात, म्हणून टोळीला चार महिने घरी बसवायचे. सहा वर्षं आत्या दर पावसाळ्यात दुसऱ्यांच्या दारात काम मागत फिरत होती. घरात अंथरुणाला खिळलेला नवरा, आणि लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. यादीवर सही हीटरची होणार होती.

लेकीचं बाळंतपण झालं तेव्हा आत्या पाच दिवस आली नाही. भिंग पुसायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही, माझ्याही नाही. तिसऱ्या दिवशी रोजचा टक्का शहात्तरवरून ऐंशीवर गेला आणि पाचव्या दिवशी त्र्याऐंशीवर. हीटर खुर्चीत मावेना. झालं असं होतं की त्याच आठवड्यात त्याने सकाळी सगळ्यांना गोल उभं करून पाच मिनिटं चांगले विचार करायला लावायची टूम काढली होती. आकडा त्या विचारांनी चढला, असं त्याने मुख्य कार्यालयाला सविस्तर कळवलं. सोबत आमचा गोल उभ्याने काढलेला फोटो जोडला.

मी गच्चीवर चढून पाहिलं. पलीकडे खडी फोडायची मशीन होती, तिची पिठासारखी धूळ दवाने भिंगावर चिकटून वाळली होती, आणि वरून एका पक्ष्याने आपली भर घातली होती. काच मळली म्हणून भिंगाला सूर्य कमी दिसत होता. सूर्य कमी, वीज तेवढीच, म्हणजे टक्का जास्त. पॅनेल तशीच होती, आम्ही तसेच होतो, फक्त मोजणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ गेली होती. खाली येऊन मी हीटरला हे समजावून सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदाच या माणसाला एखादी तांत्रिक गोष्ट एका दमात समजलेली मी पाहिली.

त्याने विचारलं, “म्हणजे भिंग घाण असलं की आपण हुशार?”

मी मान डोलावली.

“मग राहू दे,” तो म्हणाला. “निसर्गाचं काम आहे. आपण कशाला मध्ये पडा?”

आत्या परत आल्यावर त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं. शिडी गंजलेली आहे, तुमचं वय झालंय, उद्यापासून वर चढायचं नाही, असं मोठ्या मायेने सांगितलं. सही मात्र रोज करायची, कारण रजिस्टर वर दाखवावं लागतं. आत्या म्हणाली, चढायचं नाही हे कळलं, पण पुसलं नाही तर पुसलं म्हणून सही कशी करू? हीटर म्हणाला, ती नुसती हजेरी समजा. आत्या म्हणाली, हजेरीचं रजिस्टर वेगळं आहे. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. ती रोज सकाळी रजिस्टरजवळ यायची, भिंग पुसलेलं नाही म्हणून रकाना कोरा सोडायची आणि कामाला निघून जायची. असे आठ दिवस झाले. मग हीटरने रजिस्टर उचलून आपल्या खणात टाकलं आणि तिला सांगितलं की आता नोंद कॉम्प्युटरवर होते, सहीची गरज नाही. तिने ते खरं मानलं.

त्या रविवारी आम्ही दोघं नवराबायको त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर त्याने पिशवीतून रजिस्टर काढलं आणि दोन्ही बहिणींसमोर टेबलावर ठेवलं. तिच्या सुट्टीचे पाच सोडा, पण हजेरीच्या दिवसांचे आठ रकाने कोरे आहेत म्हणाला, तपासणीत अंगाशी येईल. मग मला म्हणाला, “तिची सही तुझ्याच हातची आहे ना? घाल की.”

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बायकोने ताटं उचलायला घेतली. नाही म्हणता आलं असतं. फार तर महिनाभर दोन घरांत अबोला झाला असता, आणि हीटरने मला काढला असता असंही नाही, कारण पॅनेलच्या माळा कुठे तुटल्यात ते शोधणारा त्याच्याकडे दुसरा कोणी नव्हता. पण मी पेन उचललं. भीती होती, नाही म्हणणार नाही. पण त्याहून मोठं कारण मला आज कळतं. मी त्या माणसाला इतका कस्पटासमान लेखत होतो की त्याचं घाणेरडं काम केल्याने मला काही चिकटेल असं मला वाटतच नव्हतं. खोटेपणा त्याचा, मूर्खपणा त्याचा, माझा नुसता हात. मी मनात त्याला हसत आठ सह्या केल्या. शाई एकसारखी दिसू नये म्हणून तीन पेनं वापरली. ती युक्ती माझीच. हीटरला ती सुचली नसती.

मग ते रोजचंच झालं. सकाळी हजर झालं की केबिनमध्ये जायचं, खण उघडायचा, आत्याची सही करायची, तिच्या शेजारच्या रकान्यात ‘समक्ष’ म्हणून माझी करायची. पाच महिने. टक्का ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. मधेच एका इन्व्हर्टरखालच्या, माळा एकत्र जोडणाऱ्या दोन पेट्या जळाल्या, चाळीस माळा बंद पडल्या. मी नवीन पेट्या मागितल्या तर वरून उत्तर आलं की तुमचा टक्का तर सगळ्यांत वरचा आहे, घाई काय? हीटरला त्या वर्षीचं उत्कृष्ट व्यवस्थापनाचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्याने घरी न नेता कंट्रोल रूममध्ये घड्याळाखाली लावलं. वेळ बघायला मान वर केली की ते बघावं लागायचं.

आत्याची यादी वर गेली होती. पावसाळ्याआधी पत्र येईल असं क्लार्क सांगत होता. ती मला एकदा म्हणाली, पत्र आलं की सही करावी लागेल ना, हात बसलेला राहावा म्हणून घरी लिहून बघते. मी बरं म्हटलं.

पत्राच्या आधी बँकेची इंजिनिअर आली. ज्या बँकेच्या कर्जावर प्रकल्प उभा होता तिने पाठवलेली. तिशी-पस्तिशीची बाई, पाठीवर पिशवी, पायांत मळके बूट. हीटरने पांढरं हेल्मेट चढवून उन्हाच्या उष्णतेचं सुरू केलं, तर तिने दोन मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, गच्चीवर कुठून जायचं? चहा यायच्या आत ती शिडी चढून वर. निरभ्र दिवस होता, बारा वाजत आले होते. तिने पिशवीतून स्वतःचं छोटं मीटर काढून भिंगाशेजारी धरलं. तिच्या मीटरवर चौरस मीटरला नऊशे सत्तर वॉट, आमच्या भिंगाला दिसत होते आठशे नव्वद. मग तिने भिंगावरून बोट फिरवलं. खाली आली तेव्हा ते बोट तिने तसंच वर धरलं होतं, राखेने दात घासणाऱ्याचं असतं तसं करडं.

पाच महिने तुमच्या तक्त्यांत बघतेय, ती म्हणाली. शेजारच्या प्रकल्पांवर जेवढं ऊन पडतं त्यापेक्षा तुमच्याकडे कमी कसं पडतं तेच बघायला आले. पुसल्याची नोंद कुठे आहे?

एखाद्याची पाचावर धारण बसली असती. हीटरची नाही. हाच त्याचा खरा गुण, आणि त्याची सगळी प्रशस्तिपत्रं बहुधा याच एका गुणाची आहेत. त्याने खण उघडला, रजिस्टर काढलं आणि तिच्यासमोर पान उलटत म्हणाला की आमची पद्धत चोख आहे, रोजची सही आहे, तारीख आहे, साक्ष आहे. आता खालच्या माणसांनी न पुसताच सही ठोकली असेल तर मॅनेजर काय करणार? आवाजात दुःख होतं. मी त्याच्या शेजारी उभा होतो आणि मला किळस आली. कोणाची ते त्या वेळी मी ठरवून टाकलं होतं.

आत्याला बोलावलं. ती गमबूट दाराबाहेर काढून अनवाणी आत आली. इंजिनिअरबाईंनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं आणि नीट विचारलं, या सह्या तुमच्या का?

आत्या वाकली. बोट एका सहीवर ठेवलं, मग खालच्या, मग त्याच्या खालच्या. शेवटच्या अक्षराच्या लांब ओढलेल्या शेपटावर तिचं बोट थांबलं. तिने मान वर केली ती हीटरकडे नाही, माझ्याकडे.

“माझ्यासारखीच आहे,” ती म्हणाली. “पण मी केलेली नाही.”

हीटर हसला. म्हणाला, मॅडम, सापडल्यावर सगळे हेच म्हणतात. इंजिनिअरबाई हसल्या नाहीत. त्यांनी ‘समक्ष’चा रकाना पाहिला आणि माझ्याकडे वळल्या.

“साक्ष तुमची आहे. या बाई तुमच्यासमोर सही करायच्या?”

खोलीत पंखा होता, त्याचा आवाज मला अजून आठवतो. मनाची तयारी करायला वेळ मिळाला नाही असं मी पुढे बायकोला सांगितलं, पण ते खरं नाही, भरपूर वेळ मिळाला. नाही म्हटलं तर हीटर बुडतो, हे मला दिसत होतं, आणि त्याच्या बुडण्याचं मला दुःख नव्हतं. पण नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न होता, मग कोण करायचं?

“हो,” मी म्हणालो.

आत्याने रजिस्टर मिटलं, सरळ करून टेबलाच्या कडेला लावलं, आणि बाहेर जाऊन गमबूट घातले. ती रडली असती, भांडली असती तर मला आवडलं असतं. मला तिच्यावर थोडं चिडता आलं असतं.

इंजिनिअरबाईंच्या अहवालात पुसण्यात हलगर्जीपणा असं आलं. त्यांनी त्यापुढे काही वेगळं लिहिलं होतं की नाही मला ठाऊक नाही. जाताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला नाही एवढं मात्र खरं. मागचे पाच महिने दुरुस्त करून टक्का चौऱ्याहत्तर निघाला. मुख्य कार्यालयाला एक लहान माणूस हवा होता आणि तो मिळाला होता. हीटरने दुसऱ्याच दिवशी गच्चीच्या शिडीला प्लॅस्टिकमध्ये घातलेली पाटी लावली: ‘भिंग रोज पुसावे. हलगर्जीपणा खपवून घेतला जाणार नाही.’ खाली स्वतःची सही. तातडीने कारवाई केल्याबद्दल त्याला वरून शाबासकीचं पत्र आलं. ते चौकटीत बसेल एवढं मोठं नव्हतं, याचं त्याला वाईट वाटलं. आणि तो हे सगळं अगदी मनापासून मानतो. त्या रविवारी त्याने जेवताना मला सांगितलं की आत्याने असं करायला नको होतं, आपण किती विश्वास टाकला होता. रजिस्टर माझ्यापुढे कोणी ठेवलं होतं हे तो साफ विसरलेला होता. मला तेही जमत नाही. त्याला उष्णता आणि प्रकाश यांतला फरक कळत नाही आणि मला कळतो. त्याच्यापेक्षा वरचढ म्हणून माझ्याकडे एवढंच होतं, आणि ते कोणाच्याही उपयोगी पडलं नाही.

चार दिवसांनी आत्या आपलं सामान परत करायला आली. ब्रश, गमबूट, हातमोजे. शेवटी तिने पिशवीतून भिंगाचं फडकं काढलं, धुतलेलं, चौघडी केलेलं, आणि माझ्या टेबलावर ठेवलं. सातच्या आत पुसा, म्हणाली, नंतर काच तापते. ते बोलताना ती फडक्याकडेच बघत होती.

क्लार्कने तिच्यापुढे कागद सरकवला. मी स्वखुशीने काम सोडत आहे, असा. खाली नाव, तारीख आणि सहीची रेघ. त्याने पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. आत्याने ते घेतलं नाही. शाईचा पॅड आहे का, असं तिने विचारलं.

क्लार्क गोंधळला. तो या भानगडीत नव्हता. म्हणाला, अहो आत्या, तुम्हाला सही येते की, मी बघितलीय.

“सही यांच्याकडे असते,” आत्या म्हणाली. “मी अंगठा देते.”

क्लार्कने माझ्याकडे पाहिलं. मी कपाटातून पॅड काढून दिला, कारण तो कुठे असतो ते मला ठाऊक होतं. तिने अंगठा शाईवर दाबला, कागदावर दाबला, उचलून नीट उमटला का ते पाहिलं, आणि आपल्याच कपड्याला पुसला. चौघडी केलेलं फडकं हाताशी होतं, त्याला नाही.

क्लार्क म्हणाला की अंगठा असला की साक्षीदाराची सही लागते, आणि कागद माझ्याकडे सरकवला. आत्या थांबली. कागदाची एक प्रत तिला मिळणार होती, म्हणून तिला थांबणं भागच होतं. मी पेन घेतलं आणि तिच्या अंगठ्याशेजारी माझ्या नावाची सही केली. शेवटचं अक्षर सवयीने लांब ओढलं गेलं.